पावणेचार इंचांचा शिपाई: जुने जी. आय. जो दुरुस्त करणं, नवे घडवणं आणि सुटे भाग वाटून घेणं

जुना जी. आय. जो, म्हणजे हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीचा प्लास्टिकचा खेळण्यातला शिपाई, डब्यातून उचलला आणि कमरेतून त्याचे दोन तुकडे झाले, तर लगेच कचऱ्यात टाकू नका. बहुतेक वेळा तो मोडलेला नसतो, त्याच्या पोटातलं रबर तुटलेलं असतं. ते रबर चार-दोन रुपयांत मिळतं आणि बसवायला पंधरा मिनिटं लागतात. खरी पंचाईत होते ती अंगठा तुटला, बंदूक हरवली किंवा पाठीवरची बॅग गायब असली की. कारण हे भाग दुकानात मिळत नाहीत, दुसऱ्या कुणाच्या तरी डब्यात पडलेले असतात. या छंदात माणसं एकमेकांशी कशी वागतात यालाही म्हणूनच ब्रश आणि पेचकसाइतकंच महत्त्व आहे, आणि या लेखात त्या गोष्टी जिथल्या तिथे येत राहतील.

हातात काय आहे ते आधी ओळखा

हॅस्ब्रोने १९६४ मध्ये पहिला जी. आय. जो काढला तो जवळजवळ बारा इंचांचा होता. खरे कपडे घातलेला, गालावर व्रण असलेला. मुलगे 'बाहुली' म्हटलं की हात लावणार नाहीत म्हणून 'अ‍ॅक्शन फिगर' हे नाव तेव्हाच रूढ केलं. त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख साच्यातल्या चुकीमुळे आतल्या बाजूला गेलं होतं. नक्कल पकडायला सोयीचं म्हणून कंपनीने ते तसंच ठेवलं. असा एखादा हाती लागला तर तो वेगळ्या अभ्यासाचा विषय आहे. आपण बोलतोय ते १९८२ मध्ये आलेल्या पावणेचार इंचांच्या मालिकेबद्दल, कारण आपल्याकडच्या घरांमध्ये जे सापडतात ते हेच.

याचं कारण गोवा. १९८७ मध्ये एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून फनस्कूल ही खेळण्यांची कंपनी सुरू केली आणि तिचा कारखाना गोव्यात उभा राहिला. साचे हॅस्ब्रोचे, प्लास्टिक आणि रंगकाम इकडचं. अमेरिकेत ही मालिका १९९४ मध्ये बंद पडली, पण फनस्कूलचे शिपाई त्यानंतरही कित्येक वर्षं दुकानात टांगलेले असायचे. रंगसंगती कधी मूळच्यासारखी, कधी भलतीच. ज्या शिपायाचे कपडे अमेरिकेत करडे, तो इकडे निळा किंवा पोपटी. त्यामुळे पुढे गंमत अशी झाली की अमेरिकेतले जमवणारे भारतातून खोकी मागवू लागले. आपण ज्याला 'लहानपणचं साधं खेळणं' म्हणतो ते तिकडे काचेच्या कपाटात उभं आहे.

ओळख पटवताना मागे, कमरेखाली कोरलेलं साल वाचा, पण त्यावर पूर्ण विसंबू नका. ते साल साच्याचं असतं. १९८६ लिहिलेला शिपाई गोव्यात नव्वदच्या दशकात तयार झालेला असू शकतो. सांध्यांवरून जास्त कळतं. १९८२ च्या पहिल्या खेपेतल्यांचा दंड कोपराच्या वर फिरत नाही. १९८३ पासून तो गोल फिरतो. १९८५ पासून मान गोळ्यावर बसवली, म्हणजे डोकं नुसतं डावीकडे-उजवीकडे न वळता वर-खालीही होतं. डोकी बदलायची असतील तर हे लक्षात ठेवावंच लागतं, कारण आधीचं डोकं नंतरच्या धडात सरळ बसत नाही.

घेताना, आणि विकणाऱ्याशी बोलताना

पहिली शोधाशोध घरातच करा. माळा, गावाकडची ट्रंक, मामेभावाचं कपाट. मग पुण्यात रविवारी-बुधवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट. तिथे मिळतीलच असं नाही, पण मिळाले तर इतर प्लास्टिकच्या खेळण्यांच्या ढिगात, तुकड्यांनी मिळतात. एक पाय इथे, धड तिथे. तुकडे सोडून येऊ नका. पूर्ण शिपायापेक्षा तुकड्यांची पिशवी कधीकधी जास्त कामाची असते.

परदेशातून मागवायचा विचार असेल तर आधी हिशोब करा. खेळण्यांवरची मूळ आयात जकात २०२० मध्ये ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेली. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, प्रमाणपत्रही सक्तीचं आहे. पार्सल अडकलं तर त्यात विकणाऱ्याचा दोष नसतो, त्याच्यावर राग काढू नका.

हातात घेऊन तपासायच्या जागा पाच: दोन्ही अंगठे, दोन पायांमधला कमरेचा बारीक तुकडा, कोपरावरचा खिळा, पाठीतल्या स्क्रूचा माथा आणि छातीवरचा रंग. यातला कमरेचा तुकडा सगळ्यांत घातकी. तो केसाएवढा चिरलेला असतो, दिसत नाही, आणि नवं रबर घातलं की टचकन तुटतो. उजेडाकडे धरून बघा.

आता भाव. घर आवरताना एखाद्या काकू मुलाची जुनी खेळणी काढतात आणि म्हणतात, "दोनशे रुपये द्या आणि सगळा डबा न्या." त्या डब्यात पुठ्ठ्यावर सीलबंद असलेला फनस्कूलचा शिपाई दिसला, तर काय करायचं? माझं मत स्पष्ट आहे: सांगायचं. "काकू, हा एकटाच त्याच्यापेक्षा जास्त किमतीचा आहे, मुलाला एकदा फोन करून विचारा." डबा हातचा जाईल अशी भीती वाटते खरी. पण असं सांगणाऱ्याला पुढच्या वेळी त्याच सोसायटीतून आपणहून फोन येतो, आणि फसवलेल्या घराचं दार कायमचं बंद होतं. अगदी व्यवहार म्हणून पाहिलं तरी खरं बोलणंच परवडतं.

विकताना हेच उलट बाजूने. तुटलेल्या अंगठ्याचा फोटो जवळून काढून आधी टाका. बंदूक नंतर ओतलेली नक्कल असेल तर 'नक्कल' असंच लिहा. नकली सामान वाईट नसतं. ज्याला कपाटात शिपाई नुसता पूर्ण दिसायला हवा त्याला ते चालतं. मूळ म्हणून खपवलं की मात्र ते पुढे चार हात फिरतं आणि शेवटी एखाद्या नवख्याच्या गळ्यात पडतं. माझ्या ओळखीतला एक जण नकली बंदुकीच्या मुठीखाली लाल रंगाचा बारीक ठिपका देतो. ही सवय उचलण्यासारखी आहे.

खोलणं आणि रबर बदलणं

लागणारं सामान: प्लसचा छोटा पेचकस (माथ्यात गच्च बसेल असा), टूथपिक, जुना टूथब्रश, भांडी घासायचं लिक्विड, चहाची गाळणी आणि एक ताट. ताट अशासाठी, की स्क्रू जमिनीवर पडला की तो टाइलच्या फटीत जाणार हे ठरलेलं.

खोलण्याआधी पुढून-मागून फोटो काढा. पाठीवर बॅग अडकवायचं जे भोक आहे, त्याच्याच तळाशी स्क्रू असतो. शिपायाला पालथा झोपवा, पेचकस सरळ उभा धरा, आधी खाली दाब द्या आणि मगच फिरवा. फिरवताना दाब कमी पडला तर माथा घासला जातो आणि मग तो स्क्रू निघणं अवघड. गंजलेला असेल तर टूथपिकच्या टोकाने गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब सोडा, अर्धा तास थांबा. नंतर ते तेल पुसून काढा, प्लास्टिकवर राहू देऊ नका.

पाठीचा भाग उचलला की हात आपोआप सुटतात, डोकं निघतं. आत जुनं रबर दिसेल. ते एक तर कडक होऊन तुकडे झालेलं असतं किंवा डांबरासारखं चिकट. टूथपिकने खरवडून काढा. पायांच्या वरच्या टोकाला एक धातूचा आकडा असतो. दोन्ही मांड्या त्याच्यावर अडकलेल्या असतात. या आकड्याची दिशा नीट पाहून ठेवा.

सगळे भाग कोमट पाण्यात लिक्विड घालून दहा मिनिटं भिजवा आणि टूथब्रशने हलक्या हाताने घासा. छातीवरचा रंग घासू नका, तिथे बोटानेच फिरवा. पाणी गाळणीतूनच ओता. अ‍ॅसिटोन, म्हणजे नेलपॉलिश काढायचं द्रावण, जवळही आणू नका; प्लास्टिक विरघळतं. चिकट डाग असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या बोळ्यावर घेऊन आधी पायाच्या तळव्यावर करून बघा, रंग सुटत नाही ना.

नवं रबर म्हणजे ओ-रिंग. पंपाचं, नळाचं, हायड्रॉलिकचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळते. जुनी रिंग शाबूत असेल तर नमुना म्हणून न्या, नसेल तर धडच घेऊन जा. दुकानदार हसेल, हसू दे. दोन-तीन मापांच्या रिंगा घ्या. काळी नायट्राइल रबराची चालते, सिलिकॉनची मिळाली तर जास्त टिकते.

बसवताना रिंग कमरेच्या तुकड्यातून खाली सोडा, आकड्यात अडकवा आणि वरचं टोक धडाच्या आतल्या खुंटीवर चढवा. रिंग ओढून धरायला सुईत ओवलेला दोरा उपयोगी पडतो: दोरा रिंगेतून घ्यायचा, ओढायचा, खुंटीवर टाकायचा आणि काढून घ्यायचा. मग हात खोबणीत ठेवा, डोकं ठेवा, पाठ लावा आणि स्क्रू घट्ट होईपर्यंतच फिरवा. लागला की थांबायचं. त्यापुढच्या अर्ध्या फेऱ्यात प्लास्टिकमधले आटे जातात.

रिंग बरोबर बसली की नाही हे असं कळतं: शिपाई आधाराशिवाय उभा राहतो आणि एक पाय नव्वद अंशात उचलला तर तिथेच थांबतो. पाय झटक्याने परत येत असेल तर रिंग आखूड आहे, लगेच काढा, नाहीतर कमरेचा तो बारीक तुकडा जाणार. कंबर डगमगत असेल तर रिंग मोठी.

ओ-रिंगा दुकानदार सुट्या एक-दोन देत नाही, पाकीटच घ्यावं लागतं. तुमच्याकडे चार शिपाई आणि पन्नास रिंगा. उरलेल्या काय करणार? पाच-पाच रिंगांच्या पुड्या करून ठेवा. कुणी विचारलं की पाठवा, पैसे घेऊ नका. पाकिटात पाच रिंगा आल्या की नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कळतं की इथे आपण एकटे नाही.

अंगठ्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण जास्तीत जास्त नुकसान तिथेच होतं. मुठीची जागा अरुंद असते आणि काही बंदुकांची मूठ जाड. जबरदस्तीने घातली की अंगठा उडतो. आधी हात गरम पाण्यात, उकळत्या नव्हे, अर्धा मिनिट धरा. प्लास्टिक मऊ झालं की बंदूक वरून न दाबता बाजूने सरकवा. काढतानाही हेच. आणि शिपाई ठेवणीत ठेवताना बंदूक हातात ठेवूच नका. सतत ताणलेला अंगठा जुन्या प्लास्टिकला सोसत नाही.

पांढरे भाग पिवळे पडले असतील तर सलूनमध्ये केस ब्लीच करायला वापरतात ती १२ टक्क्यांची हायड्रोजन पेरॉक्साइडची क्रीम लावून, पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून उन्हात ठेवतात. हातमोजे हवेत. रंगवलेल्या भागाला लावायची नाही. हा उपाय चालतो, पण पिवळेपणा काही वर्षांनी परत येऊ शकतो. मी स्वतः पिवळा राहू देतो.

नवा शिपाई घडवणं

घडवण्याचे तीन प्रकार: भाग अदलाबदल करून जोडणं, फक्त रंग बदलणं आणि पुट्टीने नवं काही घडवणं. पहिल्यापासून सुरुवात करा. याचं डोकं, त्याचं धड, तिसऱ्याचे पाय. एकाच पद्धतीचे सांधे असले की स्क्रू काढला, लावला, झालं. रंगाची भीती वाटत असेल तर एक गोष्ट ऐका: १९८२ च्या पहिल्या खेपेत रंगकामाचा खर्च वाचवायला एक शिपाई नुसत्या काळ्या प्लास्टिकमध्ये, रंगाशिवाय सोडला होता. त्याचं नाव स्नेक आइज, आणि पुढे सगळ्या मालिकेत तोच सगळ्यांत लाडका ठरला.

दुर्मीळ शिपाई कापावा का? माझं उत्तर नाही. तुटलेले, रंग उडालेले भाग वापरा. पण दुसऱ्याने कापला तर ओरडू नका. त्याचा आहे. पुठ्ठ्यावरचं सील कधीच न फोडणारे आणि फोडून खेळणारे यांच्यातलं भांडण जुनं आहे, त्यातून कुणाचं मत बदललेलं मी पाहिलेलं नाही.

उदाहरणासाठी एक काम सविस्तर घेऊ: इटलीतला मराठा लाइट इन्फंट्रीचा जवान, उन्हाळा १९४४. अमेरिकन खेळण्यांमध्ये दुसऱ्या महायुद्धातला हिंदी शिपाई जवळजवळ नसतोच, आणि मराठी माणसाने तो करायला एक कारण आहे. १० जुलै १९४४ ला इटलीत अप्पर टायबरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. त्यांचे साथी मारले गेले किंवा जखमी झाले. ते एकटे शत्रूच्या ठाण्यावर धावले, ग्रेनेडने मशीनगन बंद पाडली, टॉमीगनने (थॉम्पसन सबमशीनगनने) एकाला टिपलं, आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्याच घावांनी मारलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना गाठलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले घाडगे रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले. त्यांचा चेहरा खेळण्यातून उभा करायचा प्रयत्न करू नका, असं मला वाटतं. त्यांच्या पलटणीतला एखादा अनाम जवान करा.

धड: साधा शर्ट आणि पुढे दोन खिसे असलेलं कुठलंही. जाकीट, केबल, चिलखत असलेलं नको, ते तासून काढताना छाती सपाट होते. हात: बाह्या दुमडलेले. पाय: लांब विजार. खाकी ड्रिलच्या अर्ध्या चड्डीतही जवान असत, पण उघड्या गुडघ्याचे पाय या मापात मिळणं कठीण. घोट्यावर कापडी पट्ट्याचे अँकलेट येतील, ते नुसते रंगाने दाखवता येतात. बंदूक: टॉमीगन. हीच खरी अडचण, कारण जी. आय. जोची बरीच शस्त्रं नंतरच्या काळातली किंवा कल्पनेतली. दुसऱ्या महायुद्धाचे एकास अठरा मापाचे, म्हणजे साधारण याच उंचीचे, शिपाई काढणाऱ्या इतर मालिकांमध्ये टॉमीगन असते. विकत घेण्याआधी विचारून बघा. कुणाच्या तरी डब्यात ती बिनकामाची पडलेली असते, आणि त्याला तुमच्याकडची एखादी बॅग हवी असते.

हेल्मेट पुट्टीचं करू. त्या काळचं ब्रिटिश पद्धतीचं हेल्मेट उथळ वाडग्यासारखं, रुंद काठाचं. आधी शिपायाच्या डोक्यावर पातळ प्लास्टिकचा तुकडा ताणून बसवा, म्हणजे पुट्टी चिकटणार नाही. एम-सीलचे दोन भाग सारखे घेऊन, हातमोजे घालून, एकच रंग येईपर्यंत मळा. हरभऱ्यापेक्षा मोठी गोळी घ्या, ओल्या बोटाने चपटी करा, डोक्यावर ठेवून सगळीकडून सारखी दाबा. काठ बोटाच्या टोकाने बाहेर वळवा. तासाभराने ती कडक होते पण पूर्ण दगड झालेली नसते. तेव्हा उतरवा, काठ ब्लेडने नीट कापा. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी बारीक पॉलिश पेपरने पाणी लावून घासा. एम-सील जरा भरड असते, त्यामुळे डोळे-नाक घडवायला ती नको. हेल्मेटला मात्र तो भरडपणा शोभतो. जाळीसाठी औषधाच्या दुकानातल्या गॉजपट्टीचा छोटा चौकोन पाणी घातलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून हेल्मेटवर ताणा, कडा आत वळवा.

माझ्या एका मित्राने असाच जवान करून एका निवृत्त सुभेदारांना दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "हा काय फोटो काढून घ्यायला निघालाय? हेल्मेट भुवईपर्यंत ओढा त्याचं." मित्राने तिथेच ते अर्धा मिलिमीटर पुढे सरकवलं आणि शिपायाचा नूरच बदलला. फौजेत राहिलेली माणसं चूक दाखवतात तेव्हा वाद घालू नका, वही काढा.

रंग

धुतलेल्या, कोरड्या भागावर आधी प्रायमरचा पातळ हात. मग अ‍ॅक्रिलिक. व्हालेहो, सिटाडेल, तामिया हे रंग उत्तम, पण महाग. फेव्हिक्रिल आणि कॅमलच्या बाटल्यांवरही चांगलं काम होतं, फक्त पाणी घालून पातळ करा आणि एका जाड थराऐवजी तीन पातळ थर द्या.

खाकी ड्रिलसाठी यलो ऑकर, पांढरा आणि चिमूटभर रॉ अंबर. पट्टे आणि पाऊच त्याहून किंचित हिरवट. छोट्या वस्तूवर कुठलाही रंग खऱ्यापेक्षा गडद दिसतो, म्हणून सगळं एक छटा फिकट ठेवा. काळ्याऐवजी गडद करडा वापरा. त्वचेसाठी बाटलीतला तयार 'फ्लेश' रंग घेऊ नका, तो गुलाबी असतो. बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि थोडा पांढरा मिसळून आपल्याकडच्या उन्हात रापलेला वर्ण बरोबर येतो. डोळ्यांचं पांढरं आणि बुबुळ काढायच्या फंदात पडू नका. या मापात तो माणूस भूत पाहिल्यासारखा दिसतो. पापणीची एक गडद रेघ पुरे.

चुण्या उठवायला बर्न्ट अंबर अगदी पातळ करून त्यात लिक्विड सोपाचा एक थेंब घाला आणि तो शर्टावर सोडा. रंग आपोआप खोलगट जागी जाऊन बसतो. वाळल्यावर ब्रश फिकट रंगात बुडवून, कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसून, उंचवट्यांवरून हलकेच फिरवा. पहिल्यांदा हे करताना माणूस थक्क होतो.

सांध्यांवरचा रंग घासून निघतो, यावर पूर्ण इलाज नाही. खांदे, मांड्यांची आतली बाजू, दंडाची खाच यांना रंगवण्याआधी पॉलिश पेपरने जरा घासा, म्हणजे रंगाच्या थराला जागा राहील. शक्य असेल तर मूळ प्लास्टिकच हव्या त्या रंगाच्या जवळचं निवडा. भाग जोडण्याआधी दोन दिवस वाळू द्या.

शेवटी मॅट व्हार्निश. कोकणात, गोव्यात, मुंबईत जून ते सप्टेंबर स्प्रेचा डबा उघडू नका. हवेतल्या दमटपणामुळे व्हार्निश पांढरट पडतं आणि आठवड्याचं काम धुरकट होऊन बसतं. पावसाळ्यात ब्रशने लावायचं पाण्याचं व्हार्निश वापरा, नाहीतर सरळ ऑक्टोबरपर्यंत थांबा.

ठेवणं

थेट ऊन नको, सिलिका जेलची पुडी हवी. मऊ प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये आणि रबरबँड लावून ठेवू नका. मऊ प्लास्टिकमधला तेलकट अंश बाहेर येऊन कडक प्लास्टिकला चिकटतो आणि खातो. आपल्याकडचा एक खास धोका म्हणजे डांबरगोळ्या. कपड्यांच्या कपाटातच खोकं ठेवलेलं असतं आणि त्या गोळ्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ आणि चिकट होतं. कपाट बदला.

दुसऱ्याच्या कामावर बोलताना

कुणी पहिला रंगवलेला शिपाई दाखवतो तेव्हा त्यात दहा चुका दिसतात. एकच सांगा, आणि ती दुरुस्त कशी करायची हेही सांगा. "रंग जाड झालाय" हे अर्धं वाक्य आहे. "पुढच्या वेळी दोन थेंब पाणी जास्त घाल, तीन हात दे" हे पूर्ण. बाकीच्या नऊ चुका त्याला पुढच्या शिपायापर्यंत स्वतःच दिसतात.

फनस्कूलला 'देशी माल' म्हणून हिणवणारे आणि उलट 'फनस्कूल नसेल तर तू कसला जमवणारा' म्हणणारे, दोघांनाही टाळा. मुली आणि बायका या छंदात आहेत, त्यातल्या काहींचं पुट्टीकाम आपल्यापेक्षा कितीतरी सफाईदार आहे, "हे मुलाचं आहे का?" असं त्यांना विचारू नका. कुणी थ्रीडी प्रिंटरसाठी डोक्याची फाइल फुकट दिली असेल तर ती वापरा, पण छापून विकू नका, आणि फोटोखाली ती घडवणाऱ्याचं नाव लिहा. आणि 'हा कोणता शिपाई?' हा प्रश्न शंभराव्यांदा आला तरी उत्तर द्या. विचारणाऱ्यासाठी तो पहिलाच असतो. कंटाळा आला असेल तर गप्प राहणं चालतं, टोमणा मात्र चालत नाही.

वडील गेल्यावर त्यांचा संग्रह घेऊन येणारी मुलंही भेटतात. त्यांना लगेच भाव सांगायला लागू नका. आधी यादी करून द्या: कोणता शिपाई, कोणतं साल, काय कमी आहे. दोन-तीन ठेवून घ्यायला सांगा. विकायचं की नाही ते त्यांना महिन्याने ठरवू दे, आणि यादी करणाऱ्याने त्या संग्रहातलं काही स्वतः विकत घ्यायचं असेल तर आधी दुसऱ्या कुणाकडून भाव काढून घ्यावा.

सुटे भाग पाठवताना

बंदुका, बॅगा, हेल्मेट नुसत्या पाकिटात टाकल्या तर टपालात चुरडतात किंवा कोपरा फाडून बाहेर पडतात. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या, त्याच्यावर भाग ठेवा आणि कागदी चिकटपट्टीने अडकवा. सेलोटेप रंग उपटते. वरून दुसरा पुठ्ठा, मग पाकीट. अंगठ्यासारखे बारीक तुकडे औषधाच्या रिकाम्या डबीत. प्रत्येक भागाशेजारी पेन्सिलने लिहा: कोणत्या शिपायाचा, मूळ की नक्कल, कुठे चीर आहे का. मोफत देत असाल तर टपालखर्चही मागू नका, तो बहुधा भागाच्या किमतीपेक्षा जास्त नसतो. मिळाल्यावर समोरच्याने फोटो पाठवला तर बरं, नाही पाठवला तर आठवण करून देऊ नका. आणि पाकीट बंद करण्याआधी त्यात ओ-रिंगांची एक पुडी टाका, त्याने मागितली नसली तरी.